दयेची किंमत कोण मोजतो? बायबलमधील न्याय आणि दया, सोप्या भाषेत

एप्रिल २०२५ मध्ये ओडिशातील केओंझरच्या तुरुंगातून जन्मठेपेच्या एका कैद्याची सुटका झाली. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात, गाडीत झोपलेले असताना, जिवंत जाळण्यात आले होते. त्या खटल्यात दोषी ठरलेल्यांपैकी हा एक. सुमारे पंचवीस वर्षे शिक्षा भोगल्यानंतर चांगल्या वर्तणुकीच्या आधारावर तो बाहेर आला. ही बातमी वाचताना सामान्य वाचकाला दोन परस्परविरोधी प्रश्न पडतात. ख्रिस्ती धर्म शत्रूलाही क्षमा करा असे सांगतो, तर या सुटकेने कोणाला दुःख का व्हावे, हा पहिला. आणि ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले होते, तर मग इतकी वर्षे खटला आणि तुरुंगवास कशासाठी, हा दुसरा.

गोव्यातील मराठी वाचकाला हे प्रश्न परके नाहीत. शेजारच्या घरातली माणसे ईस्टरपूर्वी कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापकबुलीला, जातात हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. बायबलमधील कथा तर याच भूमीत, १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणातून, मराठीत अवतरल्या. तरीही न्याय आणि दया यांविषयी बायबल नेमके काय सांगते, याबद्दल दोन ढोबळ समज सर्वत्र आढळतात. जुन्या करारातला देव कठोर आणि नव्या करारातला येशू क्षमाशील, हा एक. आणि दया म्हणजे गुन्ह्याकडे डोळेझाक, हा दुसरा. मूळ ग्रंथ सावकाश वाचला तर हे दोन्ही समज टिकत नाहीत.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

न्याय म्हणजे ज्याचे जे देणे आहे ते त्याला मिळणे: मजुराला मजुरी, निरपराध्याला सुटका, अपराध्याला त्याच्या अपराधाएवढी शिक्षा आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई. दया म्हणजे एखाद्यावर जे लादण्याचा आपल्याला हक्क आहे, ते त्याच्या भल्यासाठी कमी करणे किंवा सोडून देणे. दयेच्या पोटात पुन्हा तीन वेगवेगळ्या कृती येतात आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतो. पहिली क्षमा, ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याने करायची असते. दुसरी शिक्षेतील सूट. ती राज्यसंस्था देते. तिसरा समेट, तो दोन्ही बाजू पुन्हा एकत्र आल्याशिवाय होत नाही.

गावच्या पोसऱ्याचे उदाहरण घ्या. दुकानदाराच्या वहीत एका गिऱ्हाइकाच्या नावावर पाच हजारांची उधारी आहे. दुकानदाराला वाटले तर तो त्या ओळीवर काट मारू शकतो. मात्र काट मारल्याने पाच हजार रुपये हवेत विरत नाहीत. तेवढ्याचा माल गेलेला आहे, आणि तो तोटा आता दुकानदाराने स्वतःवर घेतलेला आहे. हीच काट गावच्या सरपंचाने, आपण किती उदार आहोत हे दाखवण्यासाठी, दुकानदाराला न विचारता मारली तर? तोटा दुकानदाराचाच राहिला आणि मोठेपणा मात्र सरपंचाच्या पदरात पडला. पहिल्या कृतीला आपण दया म्हणतो, दुसरी दुकानदारावर झालेला आणखी एक अन्याय आहे.

बायबलमधील न्यायदयेची संपूर्ण चर्चा या एका प्रश्नाभोवती फिरते असे माझे मत आहे: दयेची किंमत कोणीतरी मोजतोच, तर ती कोण मोजतो आहे? हा प्रश्न हाताशी ठेवला की अवघड वाटणारे अनेक उतारे उलगडू लागतात.

डोळ्याबद्दल डोळा: सूडाची परवानगी की सूडाला मर्यादा?

निर्गम, लेवीय आणि अनुवाद या तिन्ही पुस्तकांत येणारा हा नियम बायबलच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. तो कशाच्या विरोधात उभा आहे हे पाहण्यासाठी उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, चौथ्या अध्यायाकडे जावे लागते. तेथे लामेख नावाचा माणूस आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो की मला जखम केली म्हणून मी एका माणसाला ठार केले, आणि माझा सूड सत्त्याहत्तर पट घेतला जाईल. टोळ्यांच्या जगात सूड असाच वाढत जातो. एका डोळ्याबद्दल एकच डोळा, त्याहून अधिक नाही, असे सांगणारा नियम त्या वाढीला कुंपण घालतो.

त्याच अध्यायात लामेखाच्या आधी काइन येतो. त्याने सख्ख्या भावाचा खून केला आहे. देव त्याला भूमीवरून हाकलून देतो, पण ‘मला जो भेटेल तो ठार मारील’ अशी भीती काइन बोलून दाखवतो, तेव्हा कोणी त्याला मारू नये म्हणून देवच त्याच्यावर एक खूण करतो. बायबलमधल्या पहिल्याच खुनात शिक्षा आणि खुन्याचे संरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच न्यायाधीशाच्या हातून घडतात.

पुढे नियमशास्त्र, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला कायदा, या विचाराला व्यवस्थेचे रूप देते. फटक्यांची शिक्षा चाळिसांपेक्षा जास्त नसावी आणि त्याचे कारण असे दिले आहे की अधिक फटके मारल्यास तुझा भाऊ तुझ्या दृष्टीने तुच्छ ठरेल. शिक्षा भोगणारा गुन्हेगार त्या वाक्यात ‘भाऊ’ आहे. त्याहून विचारपूर्वक केलेली योजना म्हणजे आश्रयाची सहा नगरे: यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन, पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान. एखाद्याच्या हातून चुकून मनुष्यवध झाला, तर त्याने मृताच्या सूड घेऊ पाहणाऱ्या नातलगाच्या हाती सापडण्यापूर्वी यांपैकी एका नगरात पोहोचायचे. ग्रंथ उदाहरणही देतो: लाकडे तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि शेजाऱ्याला लागून तो मेला. तेथे पोहोचण्याचे रस्ते नीट राखावेत अशी आज्ञा आहे, आणि हे आश्रयस्थान परदेशीयालाही खुले आहे.

पण आश्रय मिळाला म्हणजे प्रकरण संपले असे नाही. मंडळीपुढे चौकशी होते. वैर मनात धरून जाणूनबुजून मारले असे निघाले तर आश्रय उरत नाही, आणि खंडणी घेऊन खुन्याला सोडू नये असे गणनाच्या पुस्तकात स्पष्ट बजावले आहे. म्हणजे श्रीमंताने पैसे मोजून दया विकत घ्यायची नाही. चुकून मारलेल्यालाही लगेच घरी परतता येत नाही. तत्कालीन मुख्य याजकाचा मृत्यू होईपर्यंत त्याने त्या नगरातच राहायचे असते. मृताचा जीव गेला हे सत्य कोणी पुसून टाकत नाही, आणि ज्याचा हेतू वाईट नव्हता त्याचा जीवही कोणी घेत नाही. हेतू आणि अपघात यांतला फरक ओळखणारी ही व्यवस्था आजच्या फौजदारी कायद्याच्या वाचकालाही ओळखीची वाटेल.

याच नियमशास्त्रात व्यभिचारासारख्या अपराधांसाठी देहान्त शासन आहे, हे झाकण्याचे कारण नाही. एका प्राचीन समाजाचा तो कायदा होता आणि त्यातले सगळे आज कोणी लागू करावे असे मुख्य ख्रिस्ती परंपरा मानत नाहीत. मुद्दा एवढाच की त्या कठोर कायद्यातही दया बाहेरून चिकटवलेली नाही, ती त्याच्या कलमांतच आहे.

गरिबासाठी दया, पण न्यायासनावर पक्षपात नाही

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात दोन आज्ञा काही ओळींच्या अंतराने येतात. शेताची कापणी करताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेली कणसे वेचू नका. ती गरिबांसाठी आणि परदेशीयांसाठी राहू द्या, ही पहिली. आणि न्यायनिवाडा करताना गरिबाचा पक्ष घेऊ नका, थोरामोठ्याचीही भीड धरू नका, ही दुसरी. एकाच अध्यायाने गरिबाबद्दल इतक्या वेगळ्या गोष्टी सांगाव्यात, याचे आश्चर्य वाटेल. पण शेताच्या कडेचे धान्य मालकाच्या खिशातून जाते, म्हणून ते देण्याचा अधिकार मालकाला आहे. न्यायाधीशापुढे असलेला ऐवज न्यायाधीशाचा नसतो. त्याने दयाळूपणाने गरिबाच्या बाजूने चुकीचा निकाल दिला, तर त्याची किंमत समोरचा निरपराध पक्ष मोजतो, आणि ती त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार न्यायाधीशाला कोणी दिलेला नाही.

दावीद राजाच्या घरात काय घडले

न्यायाशिवाय केलेली दया कोठवर नेते हे सांगणारा बायबलमधला सर्वांत हृदयद्रावक भाग म्हणजे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील अध्याय ११ ते १८. धर्मोपदेशात त्याचा पहिलाच अर्धा भाग वारंवार येतो. दुसऱ्या अर्ध्याविषयी फारसे बोलले जात नाही, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

पहिला अर्धा सर्वपरिचित आहे. दावीद आपल्या सैन्यातील उरीयाची पत्नी बथशेबा हिला घरी आणतो आणि पाप उघडे पडू नये म्हणून उरीयाला लढाईत मरणाच्या तोंडी देतो. नाथान संदेष्टा राजापुढे एक गोष्ट सांगतो: एका श्रीमंताने पाहुण्यासाठी आपल्या कळपातले मेंढरू न कापता गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून घेतली. दावीद संतापतो, त्याने चौपट भरपाई द्यावी म्हणतो, आणि नाथान उत्तर देतो, ‘तो माणूस तूच आहेस.’ दावीद पाप कबूल करतो. देवाने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस, असे नाथान सांगतो. पण त्याच श्वासात तलवार तुझ्या घरातून हटणार नाही असेही सांगतो. क्षमा मिळाली, परिणाम मात्र टळले नाहीत.

आता दुसरा अर्धा. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो आणि नंतर तिला घराबाहेर काढून दाराला कडी लावतो. बायबल तामारेचे शब्द नोंदवते: आपली ही अप्रतिष्ठा मी कोठे घेऊन जाऊ, असे तिने त्याला आधीच विचारले होते, आणि हाकलून देणे हा पहिल्यापेक्षाही मोठा अन्याय आहे असे ती म्हणते. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला सांगतो, ‘आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे.’ आणि राजा? तो फार रागावला, एवढेच वाक्य आहे. त्याने काहीही केले नाही. अम्नोन थोरला म्हणून दावीदाला प्रिय होता, त्याचे मन त्याने दुखावले नाही, असे स्पष्टीकरण काही प्राचीन प्रतींत आढळते.

दावीदाच्या या वागण्याला कोणी मुलावरची माया म्हणेल, स्वतःला क्षमा मिळालेल्या बापाने दाखवलेला मऊपणाही म्हणेल. पण त्या मऊपणाची किंमत तामारेने मोजली. ती भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली, असे ग्रंथ सांगतो. राजाने न्याय दिला नाही म्हणून तो मिळवण्याचे काम सूडाने हाती घेतले. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाला मेजवानीत ठार करवले. पुढे तो वेशीत उभा राहून फिर्याद घेऊन येणाऱ्यांना सांगू लागला की तुमचे म्हणणे रास्त आहे, पण राजाच्या वतीने ऐकून घेणारा कोणी नाही. मी न्यायाधीश असतो तर प्रत्येकाला न्याय दिला असता. लोकांची मने त्याने याच तक्रारीवर जिंकली. मग बंड, युद्ध, एफ्राईमच्या वनात अबशालोमाचा मृत्यू आणि वेशीवरच्या माडीत मुलाच्या नावाने टाहो फोडणारा म्हातारा बाप. ज्याला एका मुलाला शिक्षा करवली नाही, त्याने दोन मुलगे गमावले, आणि मुलीला न्याय मिळाला नाही तो नाहीच.

येशूने न्याय बाजूला सारला का?

नव्या करारातील कथा याच कसोटीवर वाचून पाहू. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशूपुढे आणले जाते. ‘तुमच्यापैकी जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा’ हे वाक्य सर्वांना ठाऊक आहे. कमी लक्षात येते ते असे की नियमशास्त्राने अशा वेळी दोघांनाही दोषी धरले होते, आणि येथे मात्र एकट्या स्त्रीला आणलेले आहे. पुरुष कोठेच दिसत नाही. तो खटला मुळातच न्याय्य नव्हता. दगड न मारताच सगळे निघून गेल्यावर येशू तिला दोषी ठरवत नाही, पण ‘यापुढे पाप करू नकोस’ असे सांगतो. तिने केले ते योग्य होते असे तो म्हणत नाही.

यरीहोचा जकातदार जक्कय याची कथा तर भरपाईचा धडाच आहे. येशू स्वतःहून त्याच्या घरी पाहुणा होतो, म्हणजे स्वीकार आधी होतो. त्यावर जक्कय उभा राहून सांगतो की माझे अर्धे धन मी गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. स्वतःहून कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि त्याचा पाचवा हिस्सा एवढे परत करावे, असा नियम होता. चौपट भरपाई ही चोरून कापलेल्या मेंढरासाठी होती. जक्कयाने कमी पर्याय उपलब्ध असताना अधिक निवडला. दया मिळाल्यामुळे त्याचे देणे फिटले नाही, ते फेडण्याची इच्छा मात्र त्याच्या मनात उत्पन्न झाली.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, आपला हिस्सा उडवून परत आलेल्या धाकट्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो, अंगरखा आणि अंगठी देतो. थोरला भाऊ रुसतो, तेव्हा बाप म्हणतो, ‘जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे.’ वाटणी आधीच झालेली होती. धाकट्याने उडवलेला हिस्सा थोरल्याच्या वाट्यातून पुन्हा भरून द्यावा, असे बाप म्हणत नाही. येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेल्या चोराचेही तसेच. आम्हांला आमच्या कृत्यांचे योग्य फळ मिळत आहे, असे तो कबूल करतो, आणि ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे वचन त्याला मिळते. तरी त्याला क्रूसावरून उतरवले जात नाही.

क्रूसाविषयीचा एक रास्त आक्षेप

येशूने माणसांच्या पापांची शिक्षा स्वतःवर घेतली, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती कल्पना. यावर विचारी वाचक विचारतो की एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या निरपराध्याला शिक्षा देणे हा कसला न्याय? येशू हा देव आणि माणूस यांच्याखेरीज कोणी तिसरा असता तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. पण ख्रिस्ती सिद्धान्तानुसार येशू हा देवच आहे, म्हणजे ज्याचा अपराध झाला तोच. पोसऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वहीवर काट मारणारा आणि तोटा सोसणारा एकच आहे. नव्या करारातील रोमकरांस पत्रात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की देव न्यायी राहूनच पापी माणसाला नीतिमान ठरवतो, त्याचा आशय हा आहे. क्रूसाचे स्पष्टीकरण कसे करावे याबाबत ख्रिस्ती विचारवंतांत अकराव्या शतकातील अन्सेल्मपासून मतभेद आहेत. त्यांत येथे शिरण्याची गरज नाही.

पौलाचे स्वतःचे एक छोटेसे पत्र मात्र वाचण्यासारखे आहे. अनेसिम नावाचा गुलाम आपला मालक फिलेमोन याच्यापासून दूर गेला आहे. पौल फिलेमोनाला लिहितो की त्याला आता दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून स्वीकार. आणि पुढे: त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड, मी स्वतःच्या हाताने लिहून देतो, मी फेडीन. गुलामगिरीच्या प्रश्नावर हे पत्र पुरेसे बोलत नाही, ही टीका योग्यच आहे. पण दुसऱ्यासाठी दया मागताना तिची किंमत स्वतः मोजण्याची तयारी दाखवणे, ही पद्धत त्यातून स्पष्ट दिसते.

मग गोव्यातील इन्क्विझिशनचे काय?

हा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही आणि टाळू नये. १५६० मध्ये येथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी वर्तन शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायासन, स्थापन झाले. १७७४ मध्ये ते बंद पडले, काही वर्षांत पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलसमोर त्याची वास्तू होती. लोक तिला व्हडले घर म्हणत. या न्यायासनाच्या चिन्हात क्रूसाच्या एका बाजूस ऑलिव्हची फांदी आणि दुसऱ्या बाजूस तलवार होती, आणि त्याचे ब्रीद होते ‘दया आणि न्याय’.

ज्या दोन गोष्टींविषयी हा लेख आहे, त्याच दोन गोष्टींच्या नावाने पूर्वजांच्या चालीरीती पाळल्याबद्दल, घरात गुप्तपणे पूजा केल्याबद्दल माणसांना अंधारकोठडीत टाकले गेले. याची तुलना बायबलच्याच नियमांशी करून पाहावी. अनुवादाचे पुस्तक सांगते की एका साक्षीदारावर कोणाला दोषी ठरवू नये. दोन किंवा तीन साक्षीदार हवेत, आणि खोटी साक्ष देणाऱ्याला तीच शिक्षा द्यावी जी तो दुसऱ्यावर आणू पाहत होता. इन्क्विझिशनमध्ये आरोपीला त्याच्याविरुद्ध कोणी साक्ष दिली हेच सांगितले जात नसे. साक्षीदार कोण हे ठाऊक नसेल तर तो खोटा आहे हे सिद्ध तरी कसे करायचे? ज्यांना जाळायचे ठरे, त्यांना मुलकी सत्तेच्या हवाली करताना त्यांच्याशी दयेने वागावे अशी औपचारिक विनंती केली जाई, आणि ती मान्य होणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. ज्या दयेसाठी मागणाऱ्याला काहीच मोजावे लागत नव्हते, ती त्या चिन्हातच राहिली.

याच शहरात त्याच काळात ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दयेची संस्था, हा बंधुसंघही काम करत होता. १४९८ मध्ये लिस्बनमध्ये सुरू झालेल्या या संस्थेची शाखा सोळाव्या शतकाच्या आरंभीच गोव्यात आली. कैद्यांना अन्न पोहोचवणे, अनाथांची सोय करणे, फाशीच्या वाटेवर कैद्याची सोबत करणे, मृतांना मूठमाती देणे ही त्यांची कामे होती. वसाहतीच्या सत्तेशी ही संस्थाही बांधलेली होती, त्यामुळे तिचे नाव घेऊन दुसऱ्या पारड्यात काही टाकावे असा माझा हेतू नाही. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी केलेल्या हिंसेबद्दल देवापुढे क्षमायाचना केली. या लेखाच्या कसोटीनुसार पाहता, क्षमा मागणे हे अपराध करणाऱ्याच्या बाजूचे काम आहे. ती मिळाली असे जाहीर करणे त्याच्या हातात नसते.

पीडिताने क्षमा केली, तर तुरुंग कशाला?

आता सुरुवातीच्या बातमीतील प्रश्नांकडे येऊ. गुन्ह्यात दुखावला जाणारा एकटा पीडित नसतो. कायदाही मोडलेला असतो, आणि उद्या दुसऱ्या कोणाला जाळले जाईल ही भीती सगळ्या समाजाला असते. म्हणून रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात व्यक्तीला सूड घेऊ नको असे सांगणारा पौल, तेराव्या अध्यायात राज्यकर्ता तलवार व्यर्थ धारण करत नाही असे सांगतो. हे उतारे लागोपाठचे आहेत. ग्लॅडिस स्टेन्स यांनीही हाच फरक नेमका मांडला होता: क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये. त्यांनी स्वतःच्या वहीतील ओळीवर काट मारली. न्यायालयाची वही त्यांची नव्हती आणि तिला त्यांनी हातही लावला नाही. मुख्य आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम ठेवली.

दुसऱ्या बाजूचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये हत्या झाली. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने पुढे होऊन त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, तो २००६ मध्ये सुटला, आणि नंतर त्या कुटुंबाच्या संपर्कात राहिला. येथे क्षमा, शिक्षेतील सूट आणि समेट या तिन्ही गोष्टी घडल्या, पण घडल्या त्या क्रमाने: सर्वाधिक गमावलेल्यांनी आधी पाऊल टाकले, राज्यसंस्थेने नंतर.

हा क्रम उलटला की काय होते हेही देशाने पाहिले आहे. २००२ च्या गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या एका प्रकरणातील ११ दोषींना ऑगस्ट २०२२ मध्ये शिक्षेत सूट देऊन सोडण्यात आले. पीडित महिलेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती सूट रद्द होऊन सर्वांना पुन्हा तुरुंगात हजर होण्याचा आदेश निघाला. आपल्या घटनेच्या कलम ७२ आणि १६१ नुसार राष्ट्रपती व राज्यपाल यांना दयेचा अधिकार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७३ शासनाला शिक्षेत सूट देण्याची मुभा देते. त्या कलमात न्यायाधीशांचे मत मागवण्याची तरतूद आहे, पीडिताचे म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती मात्र नाही. याच संहितेचे कलम ३६० म्हणते की शासनाला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताला ऐकून घेतल्याशिवाय न्यायालयाने परवानगी देऊ नये. जे खटला सोडून देताना आवश्यक मानले, ते शिक्षा सोडून देतानाही असायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

याचा अर्थ कैद्याला दया नाही असा नाही. कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये आपल्या शिकवणीत बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला, आणि २०२५ च्या जुबिली वर्षासाठी, म्हणजे कॅथलिकांच्या क्षमेच्या पवित्र वर्षासाठी, पोप फ्रान्सिस यांनी रोममधील रेबिब्बिया तुरुंगात एक पवित्र द्वार उघडले. फाशी टाळल्याने तिची किंमत पीडिताच्या अंगावर जात नाही. गुन्हेगार कैदेत राहतो, सत्य नोंदलेले राहते, आणि त्याच्या पश्चात्तापाला वेळ मिळतो. कोलवाळच्या कारागृहातील कैद्याला चांगले अन्न, वकील आणि वेळेवर सुनावणी मिळणे हे तर दयेच्या आधी न्यायाचेच काम आहे.

क्षमा करण्याची सक्ती करता येते का?

घरातील किंवा वाड्यावरील प्रकरण असले की वडीलधारी माणसे, मग ती देवळात जाणारी असोत वा इगर्जीत जाणारी, दुखावलेल्या व्यक्तीलाच समजावू लागतात: झाले ते झाले, तो आपलाच माणूस आहे, मोठ्या मनाने सोडून दे. अबशालोमाने तामारेला सांगितले ते याहून वेगळे नव्हते. ख्रिस्ती घरांत त्याला येशूच्या ‘सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर’ या वचनाचा आधार दिला जातो.

ते वचन मत्तयाने लिहिलेल्या येशूचरित्राच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि तो अध्याय पूर्ण वाचायला हवा. आरंभी येशू सांगतो की या लहानांपैकी एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे. मग हरवलेल्या मेंढराला शोधत जाणारा मेंढपाळ येतो. त्यानंतर कार्यपद्धती: तुझ्या भावाने अपराध केला तर एकांतात त्याचा अपराध त्याच्या पदरी घाल; ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने; तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. क्षमेचे वचन येते ते या सगळ्यानंतर, जेथे अपराधाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली गेलेली आहे. लूकच्या सतराव्या अध्यायातही आधी दोष दाखव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असाच क्रम आहे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे कुमसारातही पापमुक्ती मिळाली म्हणून जबाबदारी संपत नाही. चोरलेले परत करावे लागते आणि ज्याची बदनामी केली त्याची अब्रू भरून द्यावी लागते.

अध्यायाचा शेवट दहा हजार तालांतांच्या कर्जदाराने होतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, कोणत्याही जन्मात न फिटणारे. राजा ते सोडतो. तोच माणूस बाहेर पडून आपल्या सोबतीच्या चाकराचा शंभर दीनारांसाठी गळा धरतो, आणि राजा दिलेली सूट मागे घेतो. हा दाखला ज्याला आधी क्षमा मिळाली आहे त्याला उद्देशून सांगितलेला आहे. तो जर दुखावलेल्या माणसाला दटावण्यासाठी वापरायचा असेल, तर वापरणाऱ्याने आधी शोधावे की त्याचे स्वतःचे कोणते कर्ज कोणी सोडले आहे, आणि समोरच्या स्त्रीच्या उपचारांचा, वकिलाचा, पोटापाण्याचा खर्च तो पौलाप्रमाणे आपल्या हिशेबी मांडून घ्यायला तयार आहे का.